एकाच्या आत

कामशातच्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या वरच्या भिंतीवर, एक छापील तक्ता लावलेला आहे. इतरांच्या घरी त्या जागी नातवंडांचे फोटो असतात. हिच्याकडे वरून खाली ओळीनं शब्द: सगळ्यात वर एक्सा, म्हणजे एकावर अठरा शून्यं. मग पेटा, तेरा, गिगा, मेगा, किलो. मधोमध एक रिकामी ओळ. तिच्या खाली मिली, मायक्रो, नॅनो, पिको असं उतरत उतरत तळाला अट्टो, म्हणजे एकाचे अब्ज तुकडे करायचे, त्यातल्या एका तुकड्याचे पुन्हा अब्ज, आणि त्यातला एक उचलायचा. तळणीच्या वाफेनं कागद इतका पिवळा पडलाय की अट्टो आता दिसतही नाही. कुणाचं काही अडलेलं नाही.

गावाबाहेरचं तपासणी केंद्र बंद झालं त्या दिवशी तिनं तो भिंतीवरून सोडवून आणला. बाकीच्यांनी खुर्च्या नेल्या, एकानं हीटर नेला. तिचा नवरा तोलेगेन केंद्राची गाडी चालवायचा, त्यानं गाडीचं जादा चाक आणलं. ते अजून अंगणात पडलेलं आहे आणि कोंबड्या त्यात अंडी घालतात.

केंद्राचं काम साधं होतं. पोलिगॉनवर, म्हणजे अणुचाचण्यांच्या मैदानावर, चाळीस वर्षं बॉम्ब फुटले, त्याच्या कडेच्या सात गावांतलं दूध, पाणी, गवत आणि मटण डब्यांत भरून आणायचं, यंत्राखाली ठेवायचं आणि किरणोत्सर्गाचा आकडा लिहायचा. कामशात बावीस वर्षांची असताना तिथं लागली आणि सव्वीस वर्षं तिनं तेवढंच केलं. तक्त्याबद्दल तिचं एक मत होतं, आणि ते ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची. रिकाम्या ओळीच्या वरचा भाग फोडणाऱ्यांचा, खालचा भाग दूध पिणाऱ्यांचा. जे आकाशात गेलं ते कागदोपत्री पेटात मोजलं गेलं. जे खाली आलं आणि गाईच्या पोटातून वाडग्यात उतरलं, ते नॅनोत आणि पिकोत. मधल्या ओळीत आपण सगळे राहतो, आणि तिथं काहीच लिहिलेलं नाही.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. बातिश नावाची एक म्हातारी होती, एकटी, एक गाय. कामशात तिच्या दुधाचा निकाल सांगायला गेली. म्हातारीनं तिला बसवलं, चहा दिला. आमच्याकडे चहा प्याल्याच्या तळाशी दोन बोटं ओततात. संपला की पुन्हा दोन बोटं. थोडा ओतला म्हणजे बसा, घाई कसली आहे. आणि प्याला काठोकाठ भरून पुढं केला की पाहुण्यानं टोपी शोधायची.

तिसऱ्या प्याल्याला म्हातारीनं विचारलं, किती आलं माझ्या दुधात. कामशात नवी होती, खरी होती. तिनं सांगितलं, "तीनशे पिकोक्युरी, लिटरमागे." हे अगदी थोडं होतं, मर्यादेच्या जवळपासही नव्हतं. तेही ती सांगणार होती. पण म्हातारीनं तीनशे ऐकलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पुढचं एक अक्षर तिच्या कानात शिरलं नाही. तिनं किटली उचलली, कामशातचा प्याला काठोकाठ भरला आणि तोंड फिरवून बसली. आठवड्याच्या आत तिनं गाय विकली. तो सगळा हिवाळा ती नुसत्या पाण्याचा चहा प्यायली.

केंद्रप्रमुख वेनियामिन कार्लोविच म्हणजे कोट कधीही न काढणारा माणूस. त्यानं कामशातला तक्त्यासमोर उभं केलं. म्हणाला, "खोटं कधी बोलायचं नाही. फक्त एक पायरी वर चढायचं. तीनशे पिको म्हणजे शून्य पूर्णांक तीन नॅनो. माणसाला आकडा ऐकू येतो, त्याच्या मागचा शब्द ऐकू येत नाही. मग आकडा आपण बारीक करायचा."

कामशातनं ते गाठीला बांधलं. त्यानंतर सात गावांत तिच्यासारखी लाडकी बाई नव्हती. दारात उभी राहून ती म्हणायची, "शून्य पूर्णांक दोन, ताई," आणि समोरच्या बाईचा जीव भांड्यात पडायचा. घरोघरी अर्धे अर्धे प्याले, पिठाचे तळलेले बावरसाक, वाळवलेल्या दह्याचे खारट कुर्त. तोलेगेन दुधाचा डबा धरून मागं उभा असायचा. गाडीत बसल्यावर तो चिडवायचा, "आज किती शून्यं खिशात घातलीस? एखादं मला दे, माझ्या पगाराला लावतो." तिसऱ्या वर्षी त्यांनी लग्न केलं. मूल झालं नाही. का झालं नाही ते मोजायचं यंत्र केंद्रात नव्हतं.

पुढं वेनियामिन कार्लोविच जर्मनीला निघून गेला आणि एका वसंतात ओमिरझाकच्या मेंढवाड्यावरच्या विहिरीचा निकाल आला. वीस हजार पिको. हे थोडं नव्हतं, मर्यादेच्या वर होतं. कामशातनं अहवालात आकडा पुरता लिहिला, विहीर बंद करा असं लिहिलं आणि कागद वर पाठवला. मग तिला मेंढवाड्यावर जावं लागलं. ओमिरझाकची बायको दारात आली, पदराला हात पुसत, पोटुशी. आणि कामशातच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "शून्य पूर्णांक शून्य दोन, वहिनी." मायक्रोमध्ये. तिनं शब्दही उच्चारला होता. कुठंही खोटं नव्हतं.

"देव भलं करो तुझं," ती बाई म्हणाली आणि त्याच पाण्याचा चहा तिनं कामशात आणि तोलेगेनला पाजला.

वरून हुकूम यायला उन्हाळा संपला. तोवर ओमिरझाकच्या घरच्यांनी तेच पाणी प्यायलं. वहिनी आठ वर्षांनी गेली. कशानं गेली ते कुणी मोजलं नाही, आणि कदाचित त्या विहिरीनं नसेलही. त्या दिवशी परतताना तोलेगेननं शून्यांचा विनोद केला नाही. नंतरही तो त्यानं कधी केला नाही. कामशातनं ते लक्षात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. काय करणार होती? दार उघडलं की माणसं तोंडाकडेच बघायची.

केंद्राच्या शेवटच्या चार वर्षांत मोल्दिर नावाची मुलगी तिच्या हाताखाली आली. हुशार, केस कापलेली, बोलायला गोड. डबे धुवायला शिकायच्या आधी ती पायरी चढायला शिकली. केंद्र बंद झाल्यावर ती शहरातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागली, पण सणासुदीला कामशातकडे यायची, ताई ताई करत.

तीन वर्षांपूर्वी दाढी करताना तोलेगेनच्या हाताला गळ्यात गाठ लागली. ऑपरेशन झालं, पूर्ण थायरॉईड ग्रंथी काढली. मग त्याला किरणोत्सर्गी आयोडीनची एक गोळी दिली आणि चार दिवस एकट्याला खोलीत ठेवलं. जेवण दाराच्या फटीतून सरकवत होते. गोळीवरचा आकडा त्यानं वाचला होता: तीन पूर्णांक सात गिगाबेक्वेरेल. फोनवर तो बायकोला म्हणाला, "बघ, आयुष्यभर तू मला खालच्या अर्ध्यात फिरवलंस. शेवटी वरच्या अर्ध्यातलं एक माझ्या पोटात गेलंच."

डॉक्टरांनी सांगितलं ते इतकं सोपं होतं की दोघांच्याही डोक्यात पक्कं बसलं. दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं. त्यात एक आकडा असतो, नॅनोग्रॅममध्ये. तो एकाच्या आत राहिला तर आजार गेला. वर गेला तर परत आला. मागची पाच वेळा तो शून्य पूर्णांक दोन, शून्य पूर्णांक तीन असा एकाच्या आत राहिला. रक्त देऊन आलं की आठवडाभर तोलेगेन रोजच्यासारखं जेवायचा आणि कामशात मीठ विसरायची.

मागच्या हिवाळ्यात मोल्दिर आली तेव्हा तिनं सांगितलं की तक्ता आता जुना झाला. जगानं वर आणखी चार नावं वाढवली आहेत आणि खाली चार. तिनं पेन काढलं आणि जागा नव्हती म्हणून समासातच लिहिलं. वर झेटा, योटा, रोना, क्वेटा. खाली झेप्टो, योक्टो, रोन्टो, क्वेक्टो. क्वेटा म्हणजे एकावर तीस शून्यं. तोलेगेन चष्मा लावून बराच वेळ बघत राहिला.

"एवढं मोठं काय आहे कुणाकडे?" त्यानं विचारलं.

मोल्दिर म्हणाली की पृथ्वीचं वजन आता सोयीनं लिहिता येतं, आणि तळाच्या नावांत इलेक्ट्रॉनचं. तोलेगेननं मान डोलावली. मग मधल्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "आणि इथं अजून कुणी काही लिहिलं नाही?"

"तिथं एक असतो, काका. एकाला काही लावावं लागत नाही."

"मला तेवढाच पुरे," तो म्हणाला.

एप्रिलमध्ये त्यानं सहाव्यांदा रक्त दिलं. गुरुवारी दुपारी फोन वाजला तेव्हा कामशात बावरसाक तळत होती. मोल्दिरला तिनंच सांगून ठेवलं होतं की डॉक्टरांच्या आधी मला कळव.

"शून्य पूर्णांक शून्य चार, ताई," मोल्दिर म्हणाली. आवाज गोड होता.

कामशातला हायसं वाटलं. इतकं कमी कधीच आलं नव्हतं. तिनं झारा ताटलीवर ठेवला, आणि मग तिला तो आवाज ओळखू आला. तो तिचाच होता. दारात उभा राहून, पदराला हात पुसणाऱ्या बाईशी बोलणारा.

"कशात?" तिनं विचारलं.

पलीकडे यंत्राची घरघर ऐकू आली.

"मोल्दिर, कशात?"

"मायक्रोमध्ये, ताई."

ही तपासणी कुणी मायक्रोत लिहीत नाही. कागदावर छापून आलेलं पोरीनं स्वतः बसून एक पायरी वर चढवलं होतं. कामशातनं तीन शून्यं परत ठेवली. सव्वीस वर्षांत ते करायला तिला कधी वेळ लागला नव्हता, आताही लागला नाही.

"बरं," ती म्हणाली.

"ताई, मला वाटलं तुम्ही आधी जरा..."

"बरोबर सांगितलंस. मीच शिकवलं होतं."

फोन ठेवून तिनं उरलेले बावरसाक तळले. एकही करपला नाही. तिनं ते मोजले, चौतीस होते, मग आपण का मोजले हे तिला आठवेना. रडू येईल म्हणून ती थोडी थांबली. आलं नाही. हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे काम करत होते, आणि ते चांगलं करत होते, म्हणून तिनं त्यांना करू दिलं. चहाचा समोवार पेटवला. जेवणाची चादर सारखी केली. खिडकीतून तोलेगेन दिसत होता, मेंढ्यांना गवत टाकत, मफलर गळ्याच्या व्रणावर घट्ट बांधून.

तो आत आला, हात धुतले, नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसला. तिनं चहा ओतला. त्यानं एक बावरसाक मोडला.

"मोल्दिरचा फोन होता?"

"हो."

"किती?"

"शून्य पूर्णांक शून्य चार," कामशात म्हणाली. तिचा आवाज अजिबात हलला नाही. त्या एका क्षणी तिला खरंच वाटलं की हे असंच राहू शकेल. आजची संध्याकाळ, उद्याचा दिवस, डॉक्टरांचा कागद येईपर्यंत. कुठंही खोटं नव्हतं.

तोलेगेन चहाचा घोट घेऊन तिच्याकडे बघत राहिला. सव्वीस वर्षं तो तिच्या मागं डबा धरून उभा होता. ओमिरझाकच्या दारातही.

"नॅनोत सांग," तो म्हणाला.

तेव्हा तिला भीती वाटली. दुपारपासून जी कुठं गेली होती ती सगळी एकदम आली, आणि तिला प्याला खाली ठेवावा लागला.

"चाळीस."

त्यानं मान हलवली. हे खूप की थोडं, असं सात गावांतल्या प्रत्येकानं तिला विचारलं होतं. त्यानं विचारलं नाही. त्यानं आपला रिकामा प्याला तिच्यापुढं सरकवला.

तिनं दोन बोटं चहा ओतला. त्यानं प्यायला आणि प्याला परत सरकवला. तिनं पुन्हा ओतला, आधीपेक्षा कमी. मग त्याहून कमी. बाहेर मेंढ्या गवत संपवून ओरडायला लागल्या, कुणी उठलं नाही. शेवटी शेवटी समोवारातून इतकंच येत होतं की प्याल्याचा तळही धड भिजत नव्हता. तरी तो प्याला पुढं करत होता, आणि ती ओतत होती.