फखरी खानमचा पहिला नकार

फखरी खानमना जाऊन चार वर्षं झाली, तरी संध्याकाळच्या वर्गात तिसऱ्या बाकाकडे माझ्याच्याने पाहवत नाही. फळ्यावर लिहीत असलो की पाठीमागून त्यांचा आवाज येतो. वळतो, तर बाक रिकामा. विद्यार्थी एकमेकांकडे बघतात. बघेनात का.

इराणातल्या आमच्या रश्त शहरात, बाजारामागे त्या कपडे शिवायच्या. चौसष्टाव्या वर्षी इंग्रजी शिकायला आल्या, कारण एकुलत्या एक मुलाने, कियूमर्सने, त्यांना कायमचं परदेशी बोलावून घ्यायचा अर्ज केला होता. त्या देशाची वकिलात आमच्याकडे नाही, म्हणून मुलाखत शेजारच्या देशात, अंकाराच्या वकिलातीत व्हायची होती. आमच्या फारसीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीत ते मध्येच घुसतं. खानम वैतागायच्या.

"मास्तर, 'मी पाहते माझ्या मुलाला' हे काय बोलणं झालं? आधी पोराला तर येऊ द्या!"

"खानम, तिकडचे लोक वाक्य संपेपर्यंत थांबत नाहीत."

"मेल्यांना कसली एवढी घाई!"

वर्ग हसायचा. मी मात्र चिडायचो, तेच वाक्य दहादा म्हणवून घ्यायचो. आठ महिन्यांनी त्या बिनचूक बोलू लागल्या. मला केवढा गर्व! "दुभाष्या घेऊ नका, स्वतः बोला," असं मीच सांगितलं. जळो ती माझी हौस.

अंकाराहून परतल्या, बाकावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "साहेबाने विचारलं, मुलाकडे राहायची इच्छा आहे का? मी म्हटलं, 'नाही, मी नाही देणार त्रास माझ्या मुलाला.' सगळे शब्द जागच्या जागी होते, मास्तर. मग थांबले."

"थांबलात कशाला?"

"पुन्हा विचारेल म्हणून. पहिल्याच फटक्यात हो म्हणायचं? किती हावरी बाई, म्हणाला असता!"

आमच्याकडे साधा चहासुद्धा तिसऱ्या आग्रहाशिवाय कोणी उचलत नाही. साहेबाने एकदाच विचारलं, इच्छा नाही असं लिहून घेतलं आणि पुढच्याला बोलावलं. मी शब्दांचा क्रम शिकवला, हे नाही शिकवलं.

"कियूला सांगू नका, आईला वेडी म्हणेल," असं त्यांनी मला बजावलं. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने त्या गेल्या.

त्या गेल्यानंतर चाळिसाव्या दिवशी, दुखवट्याच्या शेवटी, कियूमर्सचा फोन आला. "मास्तर, आईला खरंच माझ्याकडे यायचं नव्हतं का?"

मी सगळं सांगून टाकलं.

"मीही विचारलं होतं तिला, पुन्हा अर्ज करू का म्हणून," तो म्हणाला. "'नको रे बाळा,' म्हणाली. आणि मी 'बरं' म्हणून फोन ठेवला."