शून्यवाल्या बाई

शून्यवाल्या बाईंच्या शिकवणीत खोडरबर आणायला बंदी होती. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका छापखान्यातून त्या बिघडलेल्या लग्नपत्रिकांचे मोठाले कागद आणायच्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर पोरं बहुपदींचे भागाकार करायची, पार कागदाच्या तळापर्यंत. नाव पडलं ते शून्यावरून. x³ नंतर एकदम x आला, की मधे 0x² लिहायला लावायच्या. "नसलेल्याचीही जागा धरा रे. नाहीतर खाली सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात."

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. अंबरनाथला त्यांच्याच गल्लीत मीही नववी-दहावीचं गणित घ्यायचे. माझी संश्लेषक पद्धत: नुसते सहगुणक मांडा, तीन ओळींत उत्तर. त्यांचा एक भागाकार होईपर्यंत माझी पोरं पाच करून मोकळी. तरी त्यांच्या दारात चपला जास्त. भाजीला जाता-येता मी त्या मोजायचे. हेवाच होता, दुसरं काही नाही.

मग माझी प्रज्ञा नववीत गेली. चाचणीत भाजक आला x² + 1. तिने माझ्या पद्धतीने झरझर तीन ओळी लिहिल्या आणि सगळं चुकलं. भाजकात x चा वर्ग असला की ती पद्धत चालत नाही, हे वर्गात मी शेवटी घाईघाईत सांगायचे. घरी तर सांगितलंच नव्हतं.

"आई, मी शून्यवाल्या बाईंकडे जाते," ती म्हणाली.

"जा की," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गल्लीला विषय मिळाला. समोरची सिंधी शेजारीण दारातच विचारायची, "मॅडम, आपकी बेटी उधर? आपके यहाँ सीट फुल है क्या?"

एकदा पाऊस होता म्हणून छत्री घेऊन प्रज्ञाला आणायला गेले. बाई तिच्या कागदावर वाकल्या होत्या. "चुकलीस? छान. चौथ्या ओळीत चिन्ह बदलायचं राहिलं, बघ, दिसतंय. पटकन करणाऱ्याची चूक सापडत नाही." मग मला पाहून हसल्या, "या मॅडम! तुमची पोरगी वजाबाकीत घाई करते हो. कोणावर गेली?"

मीही हसले. प्रज्ञाचा हात धरून झपझप निघाले.

वार्षिक परीक्षेनंतर बाईंनी बदलापूरला घर घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. मला वाटलं, जाता जाता आणखी काही ऐकवणार.

"माझी पोरं आता तुमच्याकडे पाठवते," त्या म्हणाल्या. "आणि एक काम होतं. ती तुमची तीन ओळींची पद्धत मला शिकवाल? पुस्तकात दोनदा वाचली, पण पोरांना समजावताना अडखळते. प्रज्ञा म्हणते, आमच्या आईसारखं ते कोणी शिकवत नाही."

दहा मिनिटांचं काम होतं. "गॅसवर कुकर आहे," मी म्हटलं. कुकर नव्हता.

"बरं, पुन्हा कधी," म्हणून त्या जिना उतरल्या. बदलापूर म्हणजे पुढचंच स्टेशन. मी गेले नाही.

त्यांची पोरं माझ्याकडे आली, दारात चपला मावेनात. माझ्या डोक्यात मात्र प्रज्ञाचं ते वाक्य होतं. मला ती असं कधी म्हणाली नव्हती. म्हणाली ती त्यांना.