खुंटीला हात नको

"खुंटीला हात नको!" मास्तरांचं हे वाक्य ऐकलं नाही असा हवाईयन गिटारचा विद्यार्थी त्या काळी ठाण्यात सापडला नसता. आपण गिटार मांडीवर आडवी घ्यायची. मास्तर वाकून तिच्या लाकडाला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि तारा ताणणारी एकेक खुंटी इतकी हळू पिळायचे की तान्ह्या बाळाच्या कानात तेल घालताहेत असं वाटावं. चुकून आपली बोटं तिकडे वळली की हातावर चापट बसायची. विद्यार्थी पन्नाशीचा असला तरी बसायची.

नौपाड्यातल्या एका चाळीत त्यांची खोली होती. रविवारी सकाळी शिकवणी, आणि एका वेळी एकच विद्यार्थी. पुढचा लवकर आला तर त्याने जिन्यात बसायचं. मी डोंबिवलीहून यायचो. "आलास? ये. आधी चहा घे, हात गरम होऊ देत," असं म्हणून ते स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवायचे. माझ्या वडिलांनी मला इतक्या मायेने कधी 'ये' म्हटलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ एवढा भोळा कसा?

जुळणी म्हणजे तारा सुरात लावायची रीत; आमची सगळ्यांची जुनी, सगळ्या तारा मिळून सा, ग आणि प. पण रेडिओवर कोणीकोणी नव्या जुळणीत वाजवू लागले होते. एक तार निराळ्या सुरात लावायची आणि मग गिटार अशी काही बोलायची की हातातला घास हातात राहावा. त्यातच कळलं, की कल्याणच्या एका वाद्यवृंदाला नव्या जुळणीत वाजवणारा माणूस हवा आहे. दिवसभर कचेरीत फायलींच्या नाड्या बांधणाऱ्या मला ती जागा हवी होती. अगदी जीव टाकून हवी होती.

नवी जुळणी शिकवणारे दोन अभ्यासक्रम मी शोधून काढले. एक कलकत्त्याहून पोस्टाने धडे पाठवणारा, दुसरा मुंबईच्या एका दुकानातला, पुस्तकाबरोबर रेकॉर्ड देणारा. दोन्हींची माहितीपत्रकं घेऊन मी मास्तरांकडे गेलो आणि विचारलं, "यांतला कुठला घेऊ?"

मास्तरांनी चष्मा पुसला. कलकत्त्याचं पत्रक लांब धरून वाचलं. "अरे, यात सा कुठंय? सगळी एबीसीडी. तू भीमपलास काय एबीसीडीत वाजवणार?"

"आणि हा रेकॉर्डवाला?"

"तुझं चुकलं तर रेकॉर्ड थांबणार आहे का तुझ्यासाठी?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोस्टाने कान येत नाही रे. माझ्यावर सोड. नवी जुळणी मी देतो."

मला तर आभाळ ठेंगणं झालं. दोन्ही पत्रकं मी त्यांच्याच टेबलावर ठेवून आलो. पुढच्या रविवारी त्यांनी माझी गिटार नव्याने लावली. एका तारेवर कोमल निषाद आणला आणि म्हणाले, "ही घे." सगळा हिवाळा मी त्या निषादावर घासला. शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं आपटायच्या, तरी घासला.

कल्याणला गेलो तेव्हा कळलं, तिथे आपली गिटार चालत नाही. वाद्यवृंदाची स्वतःची विजेवरची गिटार होती, तिच्यावरच वाजवायचं. मी बसलो, पोलादी कांडी तारांवर टेकवली आणि सुरुवात केली. बोट सवयीने निषादाच्या तारेवर गेलं आणि भलताच सूर निघाला. पुन्हा तेच. तबलजी मान खाली घालून हसू लागला. दुसऱ्या कोणी खुंटी पिळून तार लावून घेतली असती. माझा हात जन्मात खुंटीला लागला नव्हता.

वाद्यवृंदाचे चालक सज्जन होते. मी कोणाकडे शिकतो ते विचारून म्हणाले, "अहो, नव्या जुळणीत इथे धैवत असतो. तुम्ही निषाद कुठून आणलात? ही गिटार तर तुमच्या मास्तरांनीच लावून दिलीय आम्हाला."

मी तडक नौपाडा गाठला. मास्तर एकटेच होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, "तुम्हाला धैवत ठाऊक होता ना?"

"होता."

"मग मला निषाद का दिलात?"

ते हळूच म्हणाले, "सगळं दिलं असतं, तर पुन्हा आला असतास का रे? इतर येतात नि जातात. तू जायला नको होतास."

ज्या माणसाने माझी जागा घालवली त्याच्याच पाया पडून मी खाली उतरलो. कोणालातरी आपण इतके हवे आहोत, ही गोष्ट मला त्या जागेहून मोठी वाटली. त्यानंतरही मी दर रविवारी जात राहिलो. धैवत त्यांनी कधी दिला नाही आणि मीही कधी मागितला नाही.

मास्तर गेले तेव्हा आम्ही चार जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, शोकसभेत त्यांचं आवडतं भजन एकत्र वाजवायचं. मास्तरांकडून नवी जुळणी चौघांनीही घेतली होती, पण त्याआधी आम्ही कधी एका खोलीत वाजवलंच नव्हतं. पेटीवर सा धरून आपापल्या गिटारी मास्तर लावून द्यायचे त्या सुरांत लावल्या. हातावर चापट मारायला आता कोणी नव्हतं. चौघांनी एकदम तारा छेडल्या आणि असा काही कल्लोळ उठला की सतरंजी घालणारा माणूस वळून बघू लागला. त्या एका तारेवर माझा निषाद, एकाचा रिषभ, एकाचा मध्यम, आणि चौथ्याच्या तर साऱ्याच तारा भलत्या सुरांत. धैवत कोणाकडेच नव्हता.

आधी आम्ही हसलो. मग तो मध्यमवाला, एका शाळेतला ड्रॉइंग मास्तर, डोळे पुसत म्हणाला, "हा मध्यम का दिलात, असं मी एकदा विचारलं होतं त्यांना. म्हणाले, इतर येतात नि जातात, तू जायला नको होतास."

रिषभवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. "मलाही हेच म्हणाले होते," तो म्हणाला. चौथ्याचा चेहरा उतरला होता.

जागा गेली तेव्हा मला मास्तरांचा राग आला नव्हता. तो त्या दिवशी आला, आणि अजून गेलेला नाही.