ओनरला विचार

आमच्या डोंबिवलीत कुणी घर घेतलं की पहिला प्रश्न येतो, "पझेशन कधी?" घर कधी मिळणार, असं कुणी विचारत नाही. पझेशन मिळालं की पूजा, पेढे, दारावर पाटी. मग गेटवरचा वॉचमन प्रत्येक नव्या चेहऱ्याला विचारतो, "ओनर या टेनंट?" ओनरची गाडी आत लागते, टेनंटची बाहेर रस्त्यावर. मीही हे शब्द वर्षानुवर्षं बोलत आले. आमच्या घराची ओनर मीच आहे, तरी या शब्दांकडे नीट बघितलं ते फार उशिरा.

कागदावर मी एकटीच. बाईच्या नावाने घर घेतलं की स्टँप ड्युटीत सवलत मिळते, म्हणून ह्यांनी तसं केलं. मजला कुठला, लाद्या कुठल्या, ओटा किती उंच, यातलं काही मला विचारलं नव्हतं. माझी सही जरा रेघेबाहेर गेली, तेव्हा हे सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, ओनर आहेस तू. नीट कर की." तेव्हापासून तेच नाव पडलं. "ओनर, चहा." "ओनर, माझा चष्मा बघितलास?" पाहुणे हसायचे. मीही हसायचे. गावाला आई वडिलांना मालक म्हणायची, त्याचं मला शाळेत असताना हसू यायचं. पण वडील खरंच मालक होते. आईच्या त्या शब्दात थट्टा नव्हती.

आमच्याकडे न हसणारं माणूस एकच, ह्यांच्या मोठ्या बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ माझ्या सासू-सासऱ्यांच्या जुन्या, पागडीने घेतलेल्या भाड्याच्या खोलीत राहायच्या, त्या दोघांचं शेवटपर्यंत सगळं त्यांनीच केलं. आल्या की ह्यांना सरळ सांगायच्या, "अरे, बायको आहे ना तुझी? नावाने हाक मार की." मग हे थोडे दिवस नावाने हाक मारायचे.

ती इमारत धोकादायक ठरली आणि रिकामी केली, तेव्हा ताई दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आल्या. हॉलमधल्या दिवाणावर झोपायच्या. सकाळी माझ्याआधी उठून ओट्याशी उभ्या असायच्या. "आपल्याकडे कढीपत्ता संपलाय गं." "आपल्या बाल्कनीत तुळस का नाही?" मला राग यायचा तो त्या 'आपल्या'चा. माझा डाळीचा डबा त्यांनी खालच्या फळीवर ठेवला, तर मी परत वर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खाली.

एकदा जेवताना ताई म्हणाल्या, "शेजाऱ्यांकडे ठेवलेली माझी सामानाची पेटी इकडे आणू का? आता तिकडे परत जाणं काही होत नाही." ह्यांनी आमटीत भात कालवला आणि मान खाली घालूनच म्हणाले, "मला काय विचारतेस? ओनरला विचार."

ह्यांनाही त्या नको होत्या, हे मला कळत होतं. ते बोलायचं माझ्यावर ढकललं होतं. पण आज लिहायचंच तर खरं लिहिते. मला कुणी ढकलायची गरज नव्हती. त्या घरात पहिल्यांदाच दोन माणसं माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. मी म्हणाले, "ताई, त्याचं काय आहे, फ्लॅट सिंगल ओनरशिपचा आहे. दुसरं कुणी कायमचं राहिलं तर पुढे पझेशनचा प्रॉब्लेम होतो. लीगली."

असा काही प्रॉब्लेम नसतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. 'तुम्ही जा' हे माझ्या तोंडून कधी निघालं नसतं. बँकेतल्या बाईसारखं बोलले आणि ते सहज निघालं. आणि मला बरं वाटलं. ही गोष्ट मी आजवर कुणाशी बोलले नाही.

ताईंनी "असं होय" म्हटलं आणि ताक वाढून घेतलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी पार कल्याणच्या पुढे, खडवलीला भाड्याने खोली घेतली.

आता हे रिटायर होऊन घरीच असतात. सकाळपासून रात्रीपर्यंत ओनर, ओनर. भाजीला गेले तरी फोन येतो, "ओनर, कुठे आहेस?" नावाने हाक मार म्हणणारं कुणी नाही. मीच घालवलं.

यंदाच्या भाऊबीजेला गेटवरून फोन आला. "मॅडम, गेस्ट है. भेजूं?" मी गॅस बंद केला आणि स्वतः खाली गेले. ताई वॉचमनच्या केबिनपाशी मिठाईचा बॉक्स घेऊन उभ्या होत्या. पूर्वी घरी केलेल्या करंज्या आणायच्या.

"घर की हैं," मी वॉचमनला म्हणाले. "इनको मत रोकना." त्याने मान हलवली. ताईंनी ऐकल्याचं दाखवलं नाही.

लिफ्टजवळ मी एकदाचं बोलले. "ताई, तेव्हा मी सांगितलेलं ना, लीगल प्रॉब्लेम होतो म्हणून. तसं काही नव्हतं. मी खोटं बोलले."

"माहीत होतं गं मला," त्या म्हणाल्या. "मी काय काल जन्मले?"

"मग परत या ना. पेटी घेऊन या. मी विचारतेय तुम्हाला."

लिफ्ट आली. त्यांनी दार ओढून धरलं आणि मला आधी आत जाऊ दिलं. मग म्हणाल्या, "नको. पाहुणी म्हणून येते तेच बरं आहे. पाहुणीला कुणी घालवत नाही."

वर आल्यावर त्या सोफ्याच्या कडेला बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. स्वयंपाकघरात आल्या नाहीत. ओवाळून झालं. ह्यांनी पाय पसरले आणि नेहमीसारखी हाक मारली, "ओनर, चहा टाक गं."

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. त्या बाल्कनीकडे बघत राहिल्या.

मी आत जाऊन चहा टाकला. डाळीचा डबा वरच्या फळीवरच होता.