'अशक्त' या शब्दाची फोड

लोक त्याला क्रेन म्हणत. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत तो अठ्ठावीस वर्षं हमाल होता. लोखंडी कपाट पाठीवर घेऊन चार मजले चढायचा आणि वर पोचल्यावर घरच्या बाईंना विचारायचा, "ताई, कपाट रिकामंच पाठवलंत वाटतं?" जिन्यात कोणी दम खायला थांबला, की त्याला काडीपैलवान, पाप्याचं पितर अशी नावं ठेवायचा.

मग त्याच्या उजव्या हाताची पकड सैल पडायला लागली. आधी चहाचा कप निसटला, महिन्याभराने जिन्याच्या वळणावर फ्रिज. खालच्या बाजूला बावीस वर्षं त्याच्यासोबत ओझी उचलणारा जोडीदार होता. त्याच्या पायाची दोन बोटं चेचली.

"असू दे रे, कधीतरी लागायचंच," जोडीदार म्हणाला. पण त्याने क्रेनकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला आणि कंपनीसाठी चिठ्ठी दिली. 'अशक्त. जड कामास अयोग्य.'

त्याची मुलगी शाळेत भाषा शिकवायची. जेवताना त्याने चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली.

"अयोग्य कळलं. पण अशक्त तर तापातून उठलेल्याला म्हणतात. मला ताप कुठाय?"

"तो अशक्तपणा भरून येतो, बाबा," ती म्हणाली आणि चिठ्ठी पुन्हा वाचू लागली.

"शब्दाचा अर्थ सांग. पोरांना सांगतेस तसा."

तिने चिठ्ठीवर बोट ठेवलं. "अ म्हणजे नाही. शक्त म्हणजे समर्थ. संस्कृतात शक् असा धातू आहे, त्याचा अर्थ एखादी गोष्ट जमणं. शक्ती त्यातलीच. आपलं शकणंही तिथलंच. करू शकतो, उचलू शकतो."

"म्हणजे डॉक्टरांनी लिहिलंय, शकत नाही."

"हं."

"काय शकत नाही, ते नाही लिहिलं."

त्याला रडू आलं नाही, रागही आला नाही. त्याने भात संपवला, डाव्या हाताने ताट विसळलं आणि नळ बंद करायचं विसरून तिथेच उभा राहिला. शेवटी मुलीनेच उठून नळ बंद केला.

कंपनीने त्याला गोदामात एका स्टुलावर काचेची भांडी कागदात गुंडाळायला बसवलं. जोडीदार लंगडत का होईना, कामावर आला आणि त्याने दुसऱ्याशी जोडी लावली. येता-जाता तो मान हलवायचा. क्रेनही हलवायचा.

एकदा नवा मुकादम म्हणाला, "काका, जरा ह्या खोक्याला हात लावा."

"नाही जमणार. मी अशक्त आहे."

हा शब्द स्वतःविषयी त्याने पहिल्यांदाच उच्चारला. आता कोणीतरी हसेल असं त्याला वाटलं. मुकादमाने "बरं" म्हणून दुसऱ्याला हाक मारली. खोकं उचललं गेलं, ट्रक निघून गेला. त्याने पुढचा पेला कागदावर आडवा ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी स्टूल नव्हतं. मुकादमाने हातांची खुर्ची आणून ठेवली होती. तो तीत बसला. खुर्ची चांगली होती.