फिश टँकवरचा दिवा

अच्युतराव पाठक तीस वर्षं भोपाळच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बांधत आले होते. त्यामुळे टेबलावरच्या हातभर फिश टँकसाठी दिवा करायचा म्हटल्यावरही त्यांनी आधी कागदावर आराखडाच काढला. गृहस्थ तसे हौशी नव्हते. हौसेला अंगात त्राण लागतं आणि ते दोन वर्षांपूर्वीच संपलं होतं, पत्नी कमलिनीबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा. त्यांची वाचा गेली, मान वळेनाशी झाली. डोळ्यांसमोर काहीतरी हलतं ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून टाउनशिपमधल्या क्वार्टरच्या बैठकीत टँक आली आणि तिच्यासमोर बाईंची चाकांची खुर्ची.

कोपरा अंधारा, त्यामुळे पाण्यातली रोपं सडायला लागली. पहिल्या पाळीहून यायचं, बाईंना भरवायचं, त्यांचे कपडे बदलायचे, मग पेंगत पेंगत अॅल्युमिनियमच्या पट्टीवर एलईडी डकवत बसायचं. पंधरा दिवसांनी दिवा लागला, मासे झळाळले, आणि अच्युतरावांना कधी नव्हे ते बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई तोंड उघडेनात.

"काका, काकू बिलकुल खातच नाहीयेत," सकाळी त्यांच्याजवळ बसणारी शेजारची मीना म्हणाली. "लाइट डोळ्यांत जात असेल त्यांच्या."

अच्युतरावांनी निम्मे एलईडी काढले. पांढरे बदलून पिवळसर लावले, खाली दुधी अॅक्रिलिक बसवलं. बाई ढिम्म. आठवड्यात त्या इतक्या उतरल्या की डॉक्टरांनी नाकातून नळी घालायची भाषा सुरू केली.

शनिवारी मीना आतल्या खोलीत बाईंचं अंग पुसत होती. खुर्ची रिकामी होती. उजेड नेमका कुठून खुपतो ते बघावं म्हणून अच्युतराव तिच्यात बसले. खुपत कुठेच नव्हता. ताडून बघायला त्यांनी दिवा बंद केला, तर काळ्या पडलेल्या काचेत पाठीमागचं अख्खं स्वयंपाकघर उमटलं. ओटा, नळ, फ्रिज.

त्या फ्रिजला कपाळ टेकून ते दिवसातून तीनचारदा उभे राहत. कधी रडतही. इथे आपल्याला बघणारं कोणी नाही, या खात्रीने.

दोन वर्षं ती माशांकडे बघतच नव्हती. आणि त्यांनी इतक्या मेहनतीने, स्वतःच्या हातांनी, तिच्यासमोरून तिचा नवरा पुसून टाकला होता. अच्युतरावांना स्वतःची लाज वाटली. माणसाला खुर्ची फिरवायचं सुचू नये?

त्यांनी माशांचा दिवा पुन्हा लावला. बाईंना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची स्वयंपाकघराकडे वळवली. मग पेज ढवळायला उभे राहिले. तिचे डोळे त्यांच्यावरच होते. चेहरा नीट करावा असं त्यांच्या मनात आलं, पण जमेना. त्यांनी गॅस बारीक केला आणि तिच्यादेखत फ्रिजला डोकं टेकलं.

"दमलो गं, कमल."

दोन वर्षांत हे ते पहिल्यांदाच तिला सांगत होते. थोड्या वेळाने त्यांनी पेजेचा चमचा पुढे केला, तेव्हा तिने तोंड उघडलं.