आपणहून वर केलेला हात

घाटकोपरला आमच्या चाळीत येऊन कुणालाही विचारा, हातवाला गुणाजी कुठं राहतो, की लगेच खोली दाखवतील. वर ऐकवतील, असा खेळाडू पुन्हा होणे नाही, पंचांना दिसलं नाही तरी आपणहून हात वर करून बाहेर जायचा. मी त्याची थोरली बहीण, सुलक्षणा. हे कौतुक सुरू झालं की मी आत निघून जाते आणि भांडी आपटते. लोक म्हणतात, बाई तापट आहे. आहेच मी तापट. पण ती भांडी मी रागानं आपटत नाही, लाजेनं आपटते. कसली लाज, ते आज सांगून मोकळी होते.

गुणाजी मालवणाकडून मुंबईला आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. गावात हुतूतू खेळायचा, तेवढ्या भांडवलावर भांडुपच्या एका कारखान्यानं त्याला ठेवून घेतला. कार्डावर हेल्पर, पण खरं काम कारखान्याच्या संघातून खेळायचं. सकाळी हजेरी लावायची आणि दुपारी मैदानात उतरायचं. खेळतोय तोवर नोकरी, खेळ थांबला की गावची वाट, हे शेठपासून दरवानापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांनी माझा नवरा गेला आणि मीही त्याच्याकडे आले. शिवणाचं मशीन घेतलं. संघाच्या बनियनांवरचे आकडे मीच शिवायची.

मी येईपर्यंत त्याला जेवू घातलं ते शेवंतीकाकीनं. आमच्याच चाळीत खालच्या खोलीत तिची खानावळ होती. एकटी बाई, मूलबाळ नाही. वीस-पंचवीस कामगार दोन वेळा जेवायचे. चुलीपुढं पाटावर बसून ती तांदळाच्या भाकऱ्या थापायची. गुणाजीच्या ताटात माशाची तुकडी एक जास्त पडायची. बाकीचे कुरकुरले की म्हणायची, तुम्ही सामन्यात ढाल जिंकून आणा, तुम्हालाही वाढते.

आता तो हात. हुतूतूत समोरच्या गड्याचं बोट लागलं की तुम्ही बाद. पण धुरळ्यात, झटापटीत पंचांना सगळं कुठलं दिसायला? लागलेलं असलं तरी नाही लागलं म्हणून वाद घालणारेच जास्त. गुणाजी कधी वाद घालायचा नाही. नख लागलं तरी हात वर करून रेषेबाहेर जाऊन बसायचा. मी त्याला पुष्कळदा बावळट म्हटलंय. तो म्हणायचा, लागलं ते लागलं, मला तर कळलंय ना.

छप्पन सालच्या मार्चची गोष्ट. मुलुंडला अंतिम सामना होता आणि गुणाजी संघाचा नायक. आमच्याकडे एक रीत होती. ढाल जिंकली की ती नायकाच्या चाळीतल्या मारुतीपुढं ठेवायची, आणि तीही दिवेलागणीच्या आरतीच्या आत. आरती होऊन गेल्यावर ढाल आली तर पुढचं सबंध वर्ष संघाला यश नाही, असं सगळे मानायचे. आता हसू येतं, पण तेव्हा मीही मानत होते.

सामना लांबला. जिंकले, पण भाषणं, हार, फोटो यांत ऊन उतरलं. कारखान्याची लॉरी उभी होती आणि ड्रायव्हर भजी खायला कुठं गेला होता देव जाणे. दहा मिनिटं हाका मारल्या. मग मागं चढलेली पोरं ओरडायला लागली, गुण्या, घे तू, आरती चुकेल. गुणाजी कारखान्याच्या आवारात चार वेळा लॉरी पुढं-मागं करायला शिकलेला. लायसन वगैरे काही नाही. चढला आणि आग्रा रोडवरून जी हाणली ती हाणली. कांजूर गेलं, विक्रोळी गेली. मागून पोरं लॉरीच्या पत्र्यावर थापा मारतायत, अजून जोरात, अजून जोरात. आणि तो वेग वाढवतोय.

इकडं आम्ही बाया चाळीच्या वळणावर उभ्या. शेवंतीकाकी ओवाळणीचं ताट घेऊन सगळ्यांच्या आधीपासून येऊन थांबलेली. पाय दुखत होते म्हणून दिव्याच्या खांबाला टेकून उभी होती, रस्त्यापासून चांगली दोन हात आत. मी तिच्यापासून चार पावलांवर होते. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं हेच मी विसरल्यासारखं केलं.

लॉरी वळणावर आली ती सावरलीच नाही. पुढचं चाक रस्ता सोडून आत आलं, मागचा भाग फिरला आणि खांबाला घासत गेला. काकी खाली. ताट गटारात. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती म्हणाली, दिवा विझला काय गो. उजवा पाय गुडघ्याखाली पार चेंगरला होता. गुणाजी उतरला आणि रस्त्यातच मटकन बसला. ढाल लॉरीतच राहिली. त्या दिवशी आरती कुणी केली, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे कामगार-अधिकारी खोलीवर आले. बोलणं अगदी गोड. म्हणाले, विनालायसन गाडी चालवली त्याचा दंड होईल, ते आम्ही बघू. पण बेदरकारपणे चालवून माणूस जायबंदी केला असं कोर्टात ठरलं, तर हुतूतूची संघटना दोन वर्षं खेळू देणार नाही, आणि जो खेळू शकत नाही त्याला कारखान्यानं कशासाठी ठेवायचं? बाईंचा जबाब अजून व्हायचाय, एवढं बोलून चहा न घेता गेले. गुणाजी भिंतीकडं तोंड करून निजलेला. मी चपला घातल्या आणि इस्पितळ गाठलं.

काकीचा पाय लाकडी पट्ट्यांत बांधलेला. मी तिच्या उशाशी बसले आणि रडायला लागले. खरं रडत होते की मुद्दाम, ते आता मलाही सांगता येणार नाही. नोकरी जाईल, दोघं उघड्यावर पडू, असं काय काय बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि माझा हात धरला.

"पोलिसांक काय सांगू, ता तूच सांग गो. तू सांगशीत तसा सांगतंय."

मी तिला सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. ढाल बघायच्या नादात तूच पुढं धावलीस, त्यानं वाचवायला गाडी वळवली, असं म्हण. दोनदा तिच्याकडून घोकून घेतलं. काय बाई होते मी. पाय मोडलेल्या म्हातारीला खोटं पाठ करायला लावत होते आणि वर तिनं चुकवलं तर दुरुस्त करत होते.

तिनं तोच जबाब दिला. पुढं कोर्टात खुर्चीवरून उचलून आणली तेव्हा देवाची शपथ घेऊन तेच बोलली, मीच आडवी गेलंय, साहेब. गुणाजीला लायसन नसल्याचा दंड झाला. संघटनेनं लेखी ताकीद दिली आणि प्रकरण मिटवलं. मी मारुतीला नारळ फोडला. गुणाजीला मी आधीच बजावून ठेवलं होतं, सगळं निस्तरलंय, तू तोंड उघडू नकोस. त्यानं उघडलं नाही. पण त्या दिवसापासून तो खानावळीच्या दारावरून जायचा बंद झाला, मागच्या जिन्यानं उतरायचा.

काकीचा पाय वाकेना. पाटावर बसता येईना, मग भाकऱ्या कशा थापणार? संध्याकाळचं ते काम मी घेतलं. ती खुर्चीवर बसून कालवणाकडं बघायची आणि मला म्हणायची, तुझे उपकार गो. तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. तरी मी पुढची भाकरी थापायला घ्यायची.

डिसेंबरात घाटकोपरलाच पुन्हा अंतिम सामना लागला. काकी आली. बाकीच्या बाया सतरंजीवर, तिच्यासाठी खुर्ची. दोन मिनिटं उरलेली, आमचा संघ एका गुणानं पुढं. समोरचा गडी चढाई करून परत फिरला आणि जाता जाता त्याची टाच गुणाजीच्या अंगठ्याला निसटती लागली. पंचांनी बघितलं नाही, खेळ चालू ठेवला. गुणाजीनं हात वर केला.

सगळं मैदान टाळ्यांनी दणाणलं. समोरच्या संघानंसुद्धा टाळ्या वाजवल्या. लाउडस्पीकरवर कुणीतरी म्हणाला, याला म्हणतात प्रामाणिक खेळाडू. काकी माझ्याशेजारी टाळ्या वाजवत होती. पोटच्या पोराबद्दल सांगावं तसं आजूबाजूच्यांना सांगत होती, माझ्या हातचा खाल्लेलो झील तो. मीही टाळ्या वाजवल्या. हो, मीसुद्धा. गुणाजी रेषेबाहेर उभा राहून तिच्याकडं बघत होता. इतर वेळी बाद झाला की तो मांडी घालून बसायचा. त्या दिवशी बसला नाही.

सामना आम्ही हरलो. पण बक्षिसं द्यायच्या वेळी संघटनेच्या अध्यक्षांनी गुणाजीला खास हार घालायला वर बोलावलं. त्यानं हार हातातच धरला आणि लाउडस्पीकरपाशी गेला.

"शेवंतीकाकी आडवी आली नव्हती," तो म्हणाला. "ती खांबाला टेकून उभी होती. मी लॉरी पिसाटासारखी हाकत होतो. तिच्या अंगावर मीच घातली."

एवढंच. हार टेबलावर ठेवून खाली उतरला. कुणी टाळी वाजवली नाही. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? वाट लागली. हे आलं. भावाचा अभिमान वगैरे काही नाही, वाट लागली.

आणि लागलीच. संघटनेनं दोन वर्षांची बंदी घातली, कारखान्यानं महिन्याच्या आत कार्ड काढून घेतलं. पोलिसांनी खटला नव्यानं उभा केला. गुणाजीनं गुन्हा कबूल केला आणि तीन महिन्यांची शिक्षा घेतली. हे सगळं त्याला चालणार होतं, तो तयारीनंच बोलला होता. पण एक गोष्ट त्या बावळटाच्या डोक्यात आली नव्हती, की काकी शपथेवर खोटं बोलली होती. त्यानं स्वतःपुरता हात वर केला आणि पिंजऱ्यात तिलाही उभं केलं.

कोर्टात तिला पुन्हा आणली. या खेपेला काठी टेकत चालत आली. भरल्या कोर्टात मॅजिस्ट्रेट तिला म्हणाले, बाई, तुम्ही देवाची शपथ घेऊन खोटं सांगितलंत, तुमच्या वयाला हे शोभतं का? उभ्या जन्मात त्या बाईला कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं. मान खाली घालून उभी होती. मग त्यांनी विचारलं, हे सांगायला तुम्हाला कुणी शिकवलं?

मी मागच्या बाकावर होते. गुणाजी आरोपीच्या जागेवरून माझ्याकडं बघत होता. त्यानं माझं नाव घेतलं नाही, नुसता बघत राहिला. काकीनं मात्र मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"कोणी नाय, साहेब. माझ्याच मनात इला."

हात वर करायचा होता मला. एवढंच तर काम होतं. आमच्या घरात कुणाला ते शिकवावं लागलं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून मी बसून राहिले. साहेबांनी तिला कडक समज देऊन सोडलं आणि पुढच्या खटल्याचा पुकारा झाला.

बाहेर आलो तेव्हा मला वाटलं, आता ही माझ्या तोंडावर थुंकेल. मी वाट बघत उभी राहिले. तिनं काठी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्या खांद्यावर भार टाकला.

"चल गो. सात वाजता माणसा जेवूक येतली, भाकऱ्यो कोण थापतला?"

मी गेले आणि बावीस माणसांच्या भाकऱ्या थापल्या. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले, ती जिवंत होती तोवर रोज गेले. त्या गोष्टीबद्दल ती मला कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.